नियमांत न बसणारा स्फटिक

सोनें हा मोठा मानी धातु. लोखंड, तांबें, जस्त हे धातु गंधकाशीं किंवा प्राणवायूशीं सहज संयोग पावतात. सोनें मात्र खाणींतहि बहुधा एकटें, अथवा थोड्या रुप्याच्या सोबतीनें राहतें. टेल्युरियम या विरळ मूलद्रव्याशीं मात्र त्याची सोयरीक जुळते. त्या संयोगापासून झालेल्या मोजक्या खनिजांपैकीं एक म्हणजे कॅलाव्हराइट.

हें खनिज कॅलिफोर्नियांतील कॅलाव्हरास परगण्यांत, स्टॅनिस्लॉस नांवाच्या खाणींत सांपडलें. गेन्थ या रसायनशास्त्रज्ञानें १८६८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्याला परगण्याचेंच नांव दिलें. त्याचा रंग फिकट पितळी असतो. शुद्ध खनिजांत शेंकडा सुमारें ४४ भाग सोनें व बाकीचें टेल्युरियम. तें कोळशावर ठेवून फुंकनळीच्या ज्वाळेनें तापविलें, कीं टेल्युरियम धूर होऊन उडून जातें आणि मागें सोन्याचा मणि उरतो.

याप्रमाणें घटकांवरून त्याची जात ठरली. परंतु आकारावरून ठरेना. स्फटिकाच्या प्रत्येक पैलूची दिशा तीन लहान पूर्णांकांनीं सांगतां येते, असा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस आवी या फ्रेंच पंडिताच्या अभ्यासांतून निघाला होता. १९३१ सालीं गोल्डश्मिट, पॅलाश व पीकॉक या तिघांनीं कॅलाव्हराइटच्या शंभराहून अधिक स्फटिकांचीं मापें प्रसिद्ध केलीं. कित्येक पैलू त्या नियमांत बसत नव्हते. मापें चुकलीं असतील, असें म्हणून तीं बाजूला टाकणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं; जें दिसलें तेंच लिहून ठेविलें.

उलगडा १९८५ सालीं झाला. फरसबंदी अंगणावर नागमोडी वेल काढावी, आणि कितीहि दूर गेलें तरी वेलीच्या वळणाचा व फरशीच्या मापाचा मेळ बसूं नये, तशी या स्फटिकांतील अणूंची रचना आहे. अणु आपल्या नेमल्या जागेपासून लाटेसारखे किंचित् सरकलेले असतात, आणि त्या लाटेची लांबी मूळ रचनेच्या मापांत बसत नाहीं. म्हणून येथें तीन अंक अपुरे पडतात. चौथा घेतला कीं ते अडलेले पैलूहि सांगतां येतात.

तें उत्तर पाहण्यास त्या तिघांपैकीं कोणीहि हयात नव्हता. परंतु तें शोधणारांच्या हातीं चोपन्न वर्षांपूर्वींचीं हींच मापें होतीं, आणि तीं बरोबर होतीं.