मूठ पिळली, गाडी मात्र ढिम्म

वीसएक वर्षांची टूरिंग मोटरसायकल घाटाला लागते, तुम्ही मूठ पिळता आणि गाडी जरा विचार करून मगच उचल घेते. मेकॅनिक लगेच कार्ब्युरेटरचा जेट बदलायला निघतो. थांबवा त्याला.

आधी आवाज ऐका. इंजिनाचा आवाज चढतोय, पण वेग वाढत नाही? मग क्लचप्लेट घसरतायत, कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष आहे. आवाजच चढत नसेल, तर ॲक्सिलरेटरची केबल पाहा. मूठ सोडताच ती खटकन मागे यायला हवी. एअर फिल्टर धुळीनं बुजला असेल, तर तोही बदला.

खरी गोम बहुतेकदा आत असते. अशा बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर असतो. त्यातली सरकती झडप केबल उचलत नाही. ती एका पातळ रबरी पडद्याला लटकलेली असते. हा पडदा अलगद काढा, उजेडासमोर धरा, बोटांनी हलकेच ताणा. सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला, तरी दोषी सापडला! दाब टिकत नाही आणि झडप वर चढत नाही. पडद्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मात्र मारू नका, रबर फुगतं.

पडदा धड आहे? मग गरम इंजिनावर चोक किंचित ओढा. गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय. जेट तुंबलाय, नाहीतर इनटेकच्या रबराला चीर गेलीय.

आणि महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटरवर, हवाच विरळ. तिथं गाडी थोडी मंदावली, तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू नका.