निकाल नगरपालिकेच्या दारात न्या



या साहित्य संमेलनाच्या स्वागत मंडळाने मला अध्यक्षपदाचा मान दिला आहे. मी थेट भांडणाला सुरुवात करतो, कारण सकाळपासून या व्यासपीठावरून जे ऐकले त्यातले बरेचसे मला मान्य नाही.

आज उद्देशिकेचे सामुदायिक वाचन झाले. ते व्हायलाच हवे. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक वक्त्याने संविधानाचा गौरव केला. पण एका कलमाचा, एका खटल्याचा, एका निकालाचा उल्लेख कोणी केला? बाबासाहेबांनी आयुष्यभर पोथीच्या सत्तेशी झुंज घेतली आणि त्यांनी घडवलेल्या ग्रंथाची आपण पोथी करून ठेवली आहे. हार घातला, ओळी म्हटल्या, कर्तव्य संपले. साहित्यिक म्हणवणाऱ्यांनी तरी ही सवय मोडली पाहिजे. ज्याच्यावर लाखो माणसांचे जगणे अवलंबून आहे असा मजकूर आपण वाचतच नसू, तर आपण वाचक कसले?

हक्क कागदावर आला म्हणजे लढाई संपली, असे समजणे ही आपली सर्वांत महाग पडलेली चूक आहे. हक्कामागे अर्थसंकल्पातला पैसा हवा, नाव घेऊन जाब विचारता येईल असा अधिकारी हवा, दाद मागायला जागा हवी. हे तिन्ही नसेल, तर निकालपत्र कितीही थोर असो, माणूस जिथे होता तिथेच राहतो.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या माणसांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले. झोपड्या पडू लागल्या. माणसे बसमध्ये भरून शहराबाहेर धाडली गेली. त्यांत तमिळनाडूतल्या सेलम भागातला एक भूमिहीन मजूर होता. गावी काम नव्हते म्हणून तो मुंबईला आला होता. सरकारने त्याला सेलमला पोचवले, आणि तिथे अजूनही काम नव्हते म्हणून तो परत आला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत फुटपाथवर राहणारी माणसेही होती, आणि हा मजूर त्यांच्यापैकी एक होता.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने निकाल दिला. कलम २१ मधल्या जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे त्यांनी सांगितले. माणसाच्या जगण्याचे साधन काढून घेतले की त्याचे जगणेच काढून घेतल्यासारखे होते, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यासाठी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांचा, कलम ३९ आणि ४१ चा आधार घेतला. ज्या तत्त्वांवरून सरकारला कोर्टात खेचता येत नाही असे कलम ३७ सांगते, तीच तत्त्वे मूलभूत हक्काचा अर्थ लावायला कामी आली. ही गोष्ट मोठी आहे, आणि मी ती कमी लेखत नाही.

पण आता त्याच निकालाचा शेवट वाचा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४, म्हणजे रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देताही हटवण्याचा अधिकार, न्यायालयाने वैध ठरवला. माणसाचे म्हणणे सहसा ऐकून घ्यावे, एवढे बंधन घातले. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत दिली. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. म्हणजे तत्त्व जिंकले आणि फुटपाथवरचा माणूस हरला. आपल्या व्याख्यानांतून आपण पहिला अर्धा भाग सांगतो आणि दुसरा गिळून टाकतो. तो गिळणे हा त्या माणसाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

त्या दुसऱ्या अर्ध्यातच महाराष्ट्राच्या घरांच्या धोरणाचा साचा दिसतो. अमुक तारखेआधीचा पुरावा दाखव, तरच तू पात्र. आधी १९७६, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. पुढे २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना पैसे भरून घर देण्याची सोय झाली. दर काही वर्षांनी, बहुतेकदा निवडणुकीच्या तोंडावर, तारीख पुढे सरकते आणि माणसे जुनी रेशनकार्डे, विजेची बिले, मतदार यादीची पाने घेऊन रांगेत उभी राहतात. ज्या बाईची झोपडी पावसात वाहून गेली, तिने कोणता कागद आणायचा? कलम २१ मध्ये तारीख नाही. ती सरकारने घातली, न्यायालयाने चालवून घेतली आणि आपण, लिहिणाऱ्यांनी, तिच्याविरुद्ध पुरेसा आवाज उठवला नाही.

आता एक कटू गोष्ट सांगतो. हेच न्यायमूर्ती चंद्रचूड १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्याच्या पीठावर होते. आणीबाणीत बेकायदा डांबलेल्या माणसालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्या पीठातल्या चौघांनी ठरवले, आणि चंद्रचूड त्या चौघांत होते. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोध नोंदवला, आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. म्हणजे कलम तेच, शब्द तेच, न्यायमूर्तीही तेच, आणि नऊ वर्षांत अर्थ असा पालटला. मधल्या काळात काय घडले? १९७७ मध्ये मतदारांनी आणीबाणी लादणारे सरकार घालवले. १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. त्याच वर्षी मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने या कलमाला नवा प्राण दिला. न्यायालयाच्या भिंतींना बाहेरचा आवाज ऐकू येतो. म्हणून न्यायाधीश आपले भले करतील असे म्हणत दिल्लीकडे डोळे लावून बसणाऱ्यांशी माझे वैर आहे. ते लोकांना आंदोलन सोडून वाट पाहायला शिकवतात.

दुसरे भांडण त्यांच्याशी, जे म्हणतात की तिजोरीत पैसा नाही, मार्गदर्शक तत्त्वे ही नुसती सदिच्छा आहे. घटना समितीत के. टी. शहा यांनी हीच भीती बोलून दाखवली होती: ही तत्त्वे म्हणजे बँकेला जमेल तेव्हा वटणारा धनादेश. बाबासाहेबांची भूमिका अशी होती की सत्ता कोणाच्याही हाती येवो, त्याला ही तत्त्वे पाळावी लागतील. मोडली तर कोर्टात नसले, तरी मतदारांपुढे उत्तर द्यावे लागेल.

आणि महाराष्ट्राने ही तत्त्वे अमलात आणून दाखवली आहेत. १९७२ चा दुष्काळ आठवा. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली, खडी फोडायच्या कामावर बायका तान्ही पोरे घेऊन आल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या काळात राज्याने रोजगार हमी योजना उभी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना सांगली जिल्ह्यात आधीच तपासून पाहिली होती. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम, आणि ते पंधरा दिवसांत न दिल्यास भत्ता. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि त्याच्या जोडीने राज्याने आपला वाटा टाकला. आज ज्यांच्या पगारातून ती छोटी रक्कम कापली जाते, त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की ती पाझर तलावावर घमेले उचलणाऱ्या बाईसाठी सुरू झाली? कलम ४१ मध्ये 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी अट आहे. राज्याने ती पळवाट म्हणून वापरली नाही, कर बसवून आपली कुवत वाढवली. हे कुठल्याही न्यायालयाच्या आदेशावाचून झाले. २००५ मध्ये देशभरासाठी झालेल्या कायद्याने याच वाटेने जायचे ठरवले. मुकादमाची लबाडी, मस्टरवरची खोटी नावे, थकलेली मजुरी, हे सगळे मला माहीत आहे. पण तिथे भांडायला कायदा होता, म्हणून लोक भांडले.

आता गटारात उतरतो. सभागृहाला हा विषय नकोसा वाटतो, म्हणूनच उतरतो. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. मैला हाताने उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, त्याहून व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला तो लागू झाला. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये दाखल केलेल्या याचिकेचा निकाल २०१४ मध्ये लागला: १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना साधी भरपाई मिळवायला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २०२१ मध्ये न्यायालयाला सरकारला बजावावे लागले की काम खासगी माणसाने दिले म्हणून राज्याची जबाबदारी टळत नाही. दोन कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, तरी नवऱ्याचा दहावा उरकलेल्या बाईने वकील शोधायचा! आजही बातमी येते: टाकीत उतरलेला पहिला बेशुद्ध, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही गेला. ठेकेदार बदलतो. मरणाऱ्यांची जात मात्र बहुतेक वेळा तीच राहते.

अशा वेळी आपल्या संमेलनात अभिनंदनाचे ठराव होणार असतील तर मी त्यांना हात वर करणार नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी एकच ठराव मांडणार आहे. या जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेने आणि नगरपंचायतीने तीन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात: गटार आणि सेप्टिक टाक्या साफ करायला त्यांच्याकडे किती यंत्रे चालू स्थितीत आहेत, १९९३ पासून त्यांच्या हद्दीत या कामात कोण मेले आणि कोणाच्या कुटुंबाला किती रक्कम पोचली, आणि कायद्याने जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव काय. सोबत २०१४ आणि २०२३ च्या निकालांचा मराठी गोषवारा जोडायचा आहे. तो तयार करायचे काम मी इथल्या लेखकांवर टाकतो आहे, कारण सफाई कामगाराच्या हातात त्याच्या भाषेतला निकाल असायला हवा आणि तो लिहायचे कौशल्य आपल्याकडे आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता आपण हे निवेदन घेऊन इथल्या नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. पोच घेतल्याशिवाय कोणी हलायचे नाही. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात जाईल, आणि त्यावर माझी सही असेल.