काडतुसावर उरलेलें वंगण

काडतूस आणि वंगण हे दोन शब्द एकत्र आले कीं मराठी श्रोत्याचें मन १८५७ सालाकडे धांव घेतें. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाचा वंगण लावलेला कागद शिपायांस दांतांनीं तोडावा लागे, आणि तें वंगण कशाचें, या संशयानें छावण्यांत केवढा असंतोष माजला हें सर्वश्रुत आहे. येथें ज्या वंगणाचा विचार करावयाचा आहे तें मात्र निराळें. त्याचा संबंध धर्माशीं नाहीं. पोलाद, पितळ आणि वायूचा दाब यांच्याशीं आहे, व बंदूक चालविणाराच्या डोळ्यांशीं आणि बोटांशीं आहे.

अमेरिकेंत रायफलीचीं काडतुसें घरीं भरण्याचा छंद फार मोठ्या प्रमाणावर चालतो. भारतांत १८५९ नव्हे, तर १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून हें काम करतां येत नाहीं, त्यामुळें आपल्याकडे या विद्येची माहिती थोड्यांनाच आहे. बार उडाला म्हणजे गोळी जाते, दारू जळते, बुडाची टोपी निकामी होते. शिल्लक राहते ती पितळेची पुंगळी. तीच सर्वांत महाग. ती टाकून न देतां तींत नवी टोपी, मोजलेली दारू व नवी गोळी बसवावयाची, हें या छंदाचें स्वरूप. काटकसर हें एक कारण. आपल्या रायफलीस मानवेल तेवढीच दारू घालून नेम अधिक अचूक साधणें, हें दुसरें.

वंगण येतें तें यानंतर. उडालेली पुंगळी चेंबरच्या आकारापर्यंत फुगलेली असते. तिला पूर्वीच्या मापावर आणण्यासाठीं पोलादी साच्यांत दाबून घालावें लागतें. कोरडी पुंगळी साच्यांत अशी घट्ट रुतते कीं ओढतांना बुडाची कड फाटून निघते, पण पुंगळी हलत नाहीं. म्हणून तिच्या अंगाला लोकरींतून काढलेली चरबी, मेण किंवा तेल यांचा पातळ हात द्यावा लागतो. पातळ यासाठीं कीं जास्त झालेलें तेल पुंगळीच्या खांद्यापाशीं कोंडून पितळेला खळगे पाडतें. तेल दबत नाहीं, पितळच दबतें.

पुंगळी साच्यांतून बाहेर पडली कीं या वंगणाचें काम संपतें. परंतु हात चिकट झालेले, पुंगळ्या शंभर, आणि दारूचा तराजू समोर मांडलेला; अशा वेळीं पुष्कळजण पुसण्याचें काम पुढें ढकलतात. तयार काडतुसें डबींत जातात तीं तशींच तेलकट.

यांत बिघडतें काय? धूळ व वाळूचे कण चिकटून चेंबरांत जातात, हें तर उघडच आहे. पण खरी गोष्ट दाबाची आहे. बार उडतांच पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात, आणि मागें येणारा धक्का कांहीं अंशीं त्या पकडीनेंच सोसला जातो. भिंत तेलकट असली कीं पकड ढिली होते व तो भार बोल्टवर पडतो. .३०-०६ या प्रसिद्ध अमेरिकन काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड ठरलेली आहे. पुंगळीच्या बुडाचें आंतलें क्षेत्रफळ चौरस इंचाचा दहावा हिस्सा जरी धरलें, तरी धक्का ६,००० पौंडांचा होतो. सुस्थितींतली रायफल हा भार सोसते. एका तेलकट काडतुसानें ती फुटेल असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मात्र झिजलेल्या, जुन्या रायफलीवर असा भार वारंवार टाकणें शहाणपणाचें नाहीं.

कोणी विचारील, कीं मग ऑस्ट्रियाच्या श्वार्झलोझ मशीनगनमध्यें काडतुसांना तेल देणारा पंप कां होता? पेडरसन यानें आपल्या रायफलीच्या काडतुसांना मेण कां लावलें? उत्तर असें कीं त्या यंत्रांत दाब पुरता उतरण्यापूर्वींच पुंगळी मागें सरकूं लागे, आणि कोरडी असती तर ती अडकली असती. ती यंत्रें तेलाचा हिशेब धरून घडविलेलीं होतीं. साध्या बोल्टच्या रायफलीला तो दाखला लागू पडत नाहीं.

१९२१ सालीं अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील कॅम्प पेरी येथें राष्ट्रीय नेमबाजीच्या सामन्यांत याचा धडा मिळाला. त्या वेळच्या गोळ्यांच्या निकेलमिश्रित वेष्टणाचा थर नळीला चिकटून बसे; तो टाळण्यासाठीं नेमबाज गोळीचें टोंक मोबिल्युब्रिकंट नांवाच्या ग्रीसमध्यें बुडवीत. त्या वर्षींच्या गोळ्यांवर कथलाचा मुलामा होता, म्हणजे ग्रीसची गरजच उरली नव्हती. पण संवय सुटेना. इकडे तो कथील पुंगळीच्या गळ्याशीं डाक दिल्यासारखा जडून बसला होता. त्यांत ग्रीस चेंबरांत शिरून गळ्याभोंवतींची जागा भरून टाकी, व गळ्याला फुगून गोळी सोडण्यास वाव मिळेना. दाब धोक्याच्या पातळीवर गेला. दोष ग्रीसला द्यावा कीं कथलाला, यावर पुढें पुष्कळ वाद झाला. निर्दोष दोन्हीहि नव्हतीं, हेंच म्हणणें रास्त दिसतें.

आतां उपाय. उत्तम वेळ दारू भरण्यापूर्वींची. रिकाम्या पुंगळ्या कढत साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवाव्या, किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घातलेल्या फिरत्या पिपांत घोळवाव्या. मग बुडाचें भोंक तपासावें. भुग्याचा कण तेथें हमखास अडकतो. भरलेलीं काडतुसें तेलकट राहिलीं असतील तर तीं बुडवून धुणें मुळींच नको. द्रव टोपीच्या फटींतून आंत शिरला तर टोपी मरते, आणि ऐन वेळीं बार फुकट जातो. फडक्याला स्पिरिट लावून तें पिळावें व एकेक काडतूस हातांत घेऊन पुसावें. टोपीकडील बाजू कोरड्या फडक्यानेंच. भरलेलीं काडतुसें पिपांत घोळविण्यानें दारूचे दाणे झिजतात कीं नाहीं, याविषयीं अनुभवी लोकांचेंहि एकमत नाहीं. फडक्याच्या बाबतींत असा वादच उद्भवत नाहीं.

शिवाय हातानें पुसतांना प्रत्येक काडतूस डोळ्यांखालून जातें. वर राहिलेली टोपी, गळ्याची बारीक चीर, बुडाच्या थोडें वर दिसणारें चकाकतें कडें, हीं सर्व त्याच वेळीं लक्षांत येतात. त्या कड्यापाशीं पितळ आंतून पातळ झालेलें असण्याचा संभव असतो, आणि पुढच्या बाराला पुंगळी तेथेंच तुटूं शकते. असें काडतूस दिसलें कीं तें बाजूला काढून ठेवावें व त्यांतील गोळी आणि दारू उपसून घ्यावी.