अयनारंभाचा दिवस : गृहस्थाचे एक लहान व्रत
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



वर्धापनोत्सवाच्या व्यासपीठावरून थोर विषयांची चर्चा व्हावी हा प्रघात आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. तो वर्षातील एका दिवसाचा आहे आणि त्या दिवसाला ना पक्वान्न लागते, ना मंडप, ना पुरोहित. हा दिवस म्हणजे दक्षिणायनारंभाचा, बहुधा २१ जूनचा. ह्या दिवशी सूर्य आपल्या उत्तरेकडील मर्यादेस पोहोचतो आणि तेथून मागे वळतो. वर्षातील सर्वांत मोठा दिवस हाच. मकरसंक्रांतीस तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या समाजात ह्या दुसऱ्या अयनाची घरोघर आठवण फारशी होत नाही. ती कशी करावी, व का करावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभी एका पाठशाळेतील प्रसंग. बेळगाव भागातील ह्या पाठशाळेत एक बारा वर्षांचा बटू सिद्धांताचा पाठ ऐकत होता. सूर्य कोणत्या दिवशी वळतो हे गुरुजींनी त्या दिवशी समजावून दिले होते. दुसऱ्या दिवशी माध्यान्हसंध्येस बसल्यावर देशकालोच्चार करताना तो मध्येच थांबला. गुरुजींनी विचारले, "का रे, विसरलास?" तो म्हणाला, "विसरलो नाही, गुरुजी. सूर्य कालच वळला असे आपण सांगितलेत. मग आज मी 'उत्तरायणे' म्हटले तर ते देवापुढे खोटे बोलणे होत नाही का?"

गुरुजींनी उत्तर दिले, "पंचांगात आहे तसे म्हण." बटूने तसे म्हटले. परंतु त्या रात्री गुरुजींस स्वस्थ झोप लागली नाही. पाठशाळेत वापरात असलेल्या पंचांगात अयन कर्कसंक्रांतीस, म्हणजे १६ जुलैच्या सुमारास पालटत होते. मधले सुमारे पंचवीस दिवस सूर्य दक्षिणेकडे जात असतो आणि साधक 'उत्तरायणे' म्हणत असतो. मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. संकल्प म्हणजे सत्यवचन अशीच शिकवण त्यास मिळाली होती, आणि त्या शिकवणीवरूनच तो प्रश्न उभा राहिला होता.

हा भेद कसा उत्पन्न झाला हे थोडक्यात पाहू. अयनबिंदू नक्षत्रांमध्ये स्थिर नसतो. तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. वेदांगज्योतिषाच्या काळी दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर होत असे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ही जुनी स्थिती नमूद करून, आपल्या काळी ते अयन कर्काच्या आरंभी होते असे स्पष्ट सांगितले. कर्काचा आरंभ म्हणजे पुनर्वसूचा शेवटचा चरण. आज तोच बिंदू मृगाच्या अखेरीस आला आहे. म्हणूनच अयन पालटते न पालटते तोच आपला शेतकरी 'आर्द्रा लागल्या' असे म्हणतो. अयनबिंदू सरकला, परंतु निरयन कर्कसंक्रांतीशी जोडलेला अयनाचा उच्चार तेथेच राहिला. एके काळी ह्या दोन्ही गोष्टी एका दिवशी घडत. आज त्यांमध्ये सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासा'त ह्या सर्व विषयाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने दिलेल्या अहवालानंतर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात २२ जून हा आषाढाचा पहिला दिवस धरला आहे, म्हणजे तिचा आषाढ अयनाच्या पाठोपाठ येतो. मराठी पंचांगांतही सर्वत्र एकच रीत नाही. काहींत दक्षिणायनारंभ जूनमध्येच छापलेला असतो.

तथापि वराहमिहिराचे खरे मोठेपण ह्या नोंदीहून पुढील गोष्टीत आहे. शास्त्रात लिहिलेले आणि आकाशात दिसणारे जुळत नसेल तर काय करावे, हेही त्याने सांगून ठेवले. उदयास्ताच्या वेळी दूरच्या एखाद्या खुणेवरून सूर्याचे स्थान पाहावे, किंवा मोठ्या वर्तुळात रोवलेल्या शंकूची छाया कोठून आत येते व कोठून बाहेर जाते ते पाहून निर्णय करावा, असा त्याचा आशय आहे. प्राचीनांविषयी आदर आणि स्वतःच्या डोळ्यांची साक्ष ह्यांत त्यास विरोध वाटला नाही.

पाठशाळेतील गुरुजींनी हाच मार्ग धरला. सकाळी त्यांनी बटूस जवळ बोलावले आणि म्हणाले, "बाळ, काल मी न पाहता उत्तर दिले. आता आपण दोघे पाहू." अंगणात चार हात उंचीची, म्हणजे ९६ अंगुळांची काठी ओळंब्याने सरळ रोवली. पावसाळा सुरू झालेला, त्यामुळे सूर्य कधी चार दिवस दिसेना, कधी घटकाभर दिसे. ज्या मध्यान्ही दिसला त्या मध्यान्ही छायेच्या टोकाशी खूण केली. बेळगावाचे अक्षांश सुमारे १५ अंश ५१ कला असल्यामुळे जूनअखेरीस सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो व छाया दक्षिणेकडे पडते. आरंभीची छाया जवळजवळ तेरा अंगुळे होती. पुढे ती आखडत गेली आणि कर्कसंक्रांतीच्या सुमारास नऊ अंगुळांच्या आसपास आली. बटूचा प्रश्न खरा ठरला होता.

मग संकल्पाचे काय? गुरुजींनी सांगितले, "मठाची पूजा, व्रते, उत्सव ही सर्वांनी मिळून करावयाची कर्मे आहेत. तेथे प्रत्येकाने आपापला काळ उच्चारू नये. मठाने स्वीकारलेले पंचांग पाळावे. ते बदलणे हे एका पाठशाळेचे काम नव्हे, विद्वत्सभेचे आहे. तुझा प्रश्न मी तेथे लिहून पाठवीन. परंतु अयनाच्या दिवशी स्वतः उठून सूर्य पाहण्यास कोणत्याही पंचांगाची आडकाठी नाही. ते तू दरवर्षी करीत जा." त्या मुलास एवढे उत्तर पुरले. आपला प्रश्न दडपला गेला नाही, हे त्यास समजले होते.

गुरुजींनी बटूस दिलेला हा नियम कोणत्याही गृहस्थास पाळता येण्याजोगा आहे. त्याची अंगे चार.

पहिले अंग प्रातःकालचे. सूर्योदयापूर्वी स्नान करून घराच्या एकाच ठरावीक जागी, तुळशीवृंदावनापाशी किंवा गच्चीच्या कोपऱ्यात, उभे राहावे आणि सूर्य कोणत्या झाडाच्या, शिखराच्या वा घराच्या आडून वर येतो ते लक्षात ठेवावे. वर्षातील त्याचे सर्वांत उत्तरेकडील उदयस्थान ते हेच. नंतर अर्घ्य द्यावे. ह्या दिवसाच्या मागेपुढे पाचसात दिवस उदयस्थान हललेसे वाटतच नाही. वळण्यापूर्वी सूर्य स्थिर उभा राहतो, असे कौषीतकी ब्राह्मणात म्हटले आहे, ते ह्याच अनुभवावरून. गोव्यात वा कोकणात ह्या दिवशी बहुधा आभाळ भरलेले असते. तेथे पूर्वेकडे तोंड करून पागोळीखालीच अर्घ्य द्यावे. ढगाआडचा सूर्य हाही सूर्यच.

दुसरे अंग मध्यान्हीचे. सिद्धांतग्रंथांत शंकू बारा अंगुळांचा सांगितला आहे. तेवढी सरळ काडी सपाट जागेवर उभी करावी. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, छायाच पाहावी. घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. त्या दिवशी खरी मध्यान्ह हैदराबादेत व ग्वाल्हेरीत बारा वाजून अठरा-एकोणीस मिनिटांच्या सुमारास, उज्जैनीस अठ्ठावीसच्या सुमारास, गोव्यात छत्तीसच्या, तर बडोद्यास एकोणचाळीसच्या सुमारास होते.

येथे एक मौज ध्यानात येते. आपले शिष्यवर्गीय गोव्यापासून ग्वाल्हेरीपर्यंत विखुरले आहेत. त्या एकाच दिवशी सर्वांनी बारा अंगुळांचा शंकू उभा केला तर गोव्यात छाया सुमारे पावणेदोन अंगुळे दक्षिणेस पडेल, बेळगावास दीड अंगुळाहून किंचित अधिक, हैदराबादेस सव्वा, बडोद्यास पाव अंगुळ, आणि इंदुरास तर तिचा केवळ आभास. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे ती अर्ध्या अंगुळाहून थोडी अधिक, परंतु उत्तरेकडे पडेल. ग्वाल्हेरीत सूर्य कधीच बरोबर माथ्यावर येत नाही. गोव्यात व बेळगावात तो वर्षातून दोनदा, मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, माथ्यावर येतो. दिवसही सर्वत्र सारखा नसतो : गोव्यात तो सुमारे तेरा तासांचा, ग्वाल्हेरीत पावणेचौदा तासांचा.

ह्या दोहोंच्या मध्ये उज्जैनी आहे. तेथे त्या मध्यान्ही शंकूची छाया जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त नगराच्या अगदी निकटून जाते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली तेथील वेधशाळा पुढे मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे होत. तेथील शंकुयंत्र त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाले. आजही २१ जूनच्या मध्यान्ही त्या यंत्राभोवती लहानथोर जमतात आणि छाया लोपताना पाहतात. मराठी माणसाने परमुलखात काय राखले, ह्याची गणना करताना किल्ले व वाडे यांच्या जोडीस ही वेधशाळाही धरावी.

तिसरे अंग दानाचे. आपल्याकडे संक्रमणकाळी दान सांगितले आहे, आणि ऋतूस अनुरूप असे दान सर्वांत शोभते. पावसाच्या तोंडावर छत्री, पादत्राणे, विद्यार्थ्यास वह्या, शेतमजुरास घोंगडी किंवा इरले. जेथे पाऊस अजून पोहोचला नसेल तेथे पाण्याचा भरलेला माठ. दान एकच असावे, परंतु त्या माणसाच्या खऱ्या गरजेचे असावे. फोडून घरी ठेवलेल्या नारळापेक्षा भिजत जाणाऱ्या पोराच्या हातातील छत्रीने तो दिवस अधिक साजरा होतो.

चौथे अंग सायंकाळचे. दिवा लावून घरातील सर्वांनी क्षणभर स्वस्थ बसावे. उत्तरायण हा देवांचा दिवस व दक्षिणायन ही त्यांची रात्र अशी परंपरेची कल्पना आहे. दक्षिणायनाचा संबंध पितरांशीही जोडलेला आहे. यास्तव घरातील दिवंगतांची नावे एकेक करून उच्चारावीत, मुलांस ती ऐकवावीत. नंतर ज्याने त्याने गत सहा महिन्यांचा हिशेब मनाशी मांडावा आणि येणाऱ्या चातुर्मासासाठी पाळता येईल असा एकच नियम धरावा. मोठे पाच नियम धरून श्रावणात सोडण्यापेक्षा लहान एक नियम कार्तिकापर्यंत नेणे बरे.

दक्षिणायन अशुभ, ही समजूत पुष्कळांच्या मनात असते. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली, हे तिचे एक कारण. परंतु ज्या काळात पाऊस पडतो, पेरा होतो, भात उभे राहते, संन्यासी एका ठिकाणी राहून अध्यापन करतात आणि पितरांस अन्न मिळते, तो काळ अशुभ कसा? उजेड घटू लागला की आतल्या कामास आरंभ होतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवस सर्वांत मोठा असतो त्याच दिवशी त्याचा ऱ्हास सुरू होतो, आणि तो त्या दिवशी कोणास जाणवत नाही. उकाडा तसाच असतो, उजेड तसाच असतो. केवळ छायेच्या टोकाशी खूण करणाऱ्यास पुढे काही दिवसांनी ते कळते. व्यक्तीस हे लागू आहे तसेच संस्थांसही आहे. उत्सवाचा दिवस हा संस्थेचा सर्वांत मोठा दिवस. त्या दिवशी जयघोष व्हावाच. परंतु कोणीतरी अंगणात काठी रोवून खूण करीत असावे, आणि एखाद्या बटूने प्रश्न विचारला तर 'पंचांगात आहे तसे म्हण' एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. त्या गुरुजींनी आपले उत्तर दुसऱ्या दिवशी मागे घेतले, त्याने त्यांचे गुरुत्व उणे झाले नाही. तो बटू पुढे वाढला, आणि दरवर्षी २१ जूनला जेथे असेल तेथे शंकू उभा करण्याचा नियम त्याने सोडला नाही. त्याच्या शंकूशेजारी आता त्याचे विद्यार्थी उभे असतात.

येत्या अयनास प्रत्येक घरी एक काडी उभी राहावी आणि तिच्या छायेशी एका लहान मुलाच्या हातून खूण व्हावी, एवढी प्रार्थना श्रीचरणी करून हे विवेचन येथे पूर्ण होते.

॥ श्रीगुरुचरणारविंदार्पणमस्तु ॥