टॉवरवर काय लावले आहे?



मोहल्ल्यात कोणाच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला की तक्रारी सुरू होतात. त्यावर काय लावले आहे, हे मात्र मान वर करून कोणी पाहत नाही.

उभ्या, चपट्या पेट्या तीन दिशांना तोंड करून असतील तर त्या मोबाईलच्या. गोल ढोल असेल तर तो आपल्याशी बोलतच नाही. समोरच्या टॉवरशी सरळ रेषेत बोलतो. आणि लोक भितात ते नेमके त्या ढोलालाच!

आकार बराचसा लहरीच्या लांबीवर ठरतो. 300 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते. 1948 साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीची मध्यम लहर 585 किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे 513 मीटर लांब. अशा लहरीसाठी खांबावर काही टांगत नाहीत. बहुधा तो उंच खांबच अँटेना असतो. मोबाईलची 1800 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम 17 सेंटिमीटर, म्हणून तिला पेटी पुरते.

राहिला प्रश्न भीतीचा. पेटीचा मुख्य झोत समोर जातो, पायथ्याशी फार थोडा येतो. म्हणून ज्या घरावर टॉवर आहे त्यापेक्षा समोरच्या उंच मजल्याचा विचार आधी करावा. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश केली आहे. शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी मागवता येते.