आकड्यांचे चित्र



द्वारसभेत आम्ही अपघातांचे आकडे वाचीत असू, तेव्हा माणसे तंबाखू मळीत उभी राहत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. दोष आकड्यांचाच, अशी आमची समजूत! पुढे वाचनालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची १८५८ सालची आकृती पाहिली. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ च्या एकट्या जानेवारीत, ब्रिटिश फौजेतले ८३ शिपाई जखमांनी मेले आणि २,७६१ टाळता येण्याजोग्या रोगांनी. बाईंनी दर महिन्याची पाकळी काढली. रोगाची निळी, जखमांची तांबडी. मृत्यूचे प्रमाण जेवढे, तेवढे क्षेत्रफळ. मार्चमध्ये सफाईचे मंडळ आले, गटारे उपसली गेली, आणि निळ्या पाकळ्या आक्रसत गेल्या. हे कळायला इंग्रजी कशाला हवे?

मग आम्ही आमच्या कारखान्याचा नकाशा कागदावर काढला आणि जिथे जिथे बोट गेले तिथे तांबडा ठिपका दिला. निम्म्याहून अधिक ठिपके एकाच प्रेसभोवती पडले! त्या दिवशी तंबाखू कुणी मळली नाही. मागून एक पोरगा पुढे आला, ठिपक्यावर उरलेले बोट ठेवून म्हणाला, "दादा, हा माझा."

प्रेसला जाळी बसायला तरी चार महिने लागलेच.