फाटलेला आवाज कोणाचा?



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त ग्रंथांविषयी बोलले जावे, हे उचितच आहे. परंतु गेल्या शतकात मराठी माणसाने जे जपून ठेवले, ते सारेच कागदावर नव्हते. त्यातले काही लाखेवर होते. ७८ फेऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रिका म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून दाबून काढलेली तबकडी. बालाघाट-गोंदियाच्या रानांतील पळसावर, कुसुमावर आणि बोरीवर होते ती हीच लाख. भरवेलीचे नाव ज्या मँगनीजमुळे दूरवर पोचले, तेही या विषयापासून फार लांब नाही. एच.एम.व्ही.चा ‘फिएस्टा’ ज्यांच्या घरी टॉर्चच्या सेलांवर चालत असे, त्यांच्याकडे गाणे मँगनीज डायऑक्साइडच्या बळावरच वाजत होते. कारण त्या सेलांत तेच भरलेले असते. खाणगावाच्या अभिमानासाठी एवढे पुरे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी नागपूर हीच या सर्व मुलखाची राजधानी होती. सीमा सरकली तरी घरातली तबकड्यांची पेटी होती तिथेच राहिली. आता त्या पेट्या उघडल्या जात आहेत. नातवंडे जुना रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करून घेतात, त्याची तार लॅपटॉपला जोडतात, आजोबांच्या आवडीचे नाट्यपद उतरवू लागतात आणि पहिल्याच तानेला आवाज फाटतो. सूर खरखरीत होतो, ‘आ’कार चिरकतो, तबल्याच्या जागी पत्रा वाजल्यासारखे होते. घरातले वडीलधारे मान हलवून सांगतात, ‘रेकॉर्डच झिजली, आता तिच्यात काही राम नाही.’ मग पेटी पुन्हा माळ्यावर जाते, किंवा भंगारवाल्याकडे. हा निवाडा बहुतेक वेळा चुकीचा असतो. फाटलेला आवाज गायकाचा नसतो आणि पुष्कळदा तबकडीचाही नसतो. तो लॅपटॉपच्या उंबरठ्यावर फाटलेला असतो.

हा निवाडा चुकला तर काय गमावते, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. ‘स्वयंवर’ नाटकाला १९१६ साली त्यांनी दिलेल्या चालींनी मराठी रंगभूमीचे वळणच बदलले. पण स्वतः बुवांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्या गायकीची जी काही श्राव्य खूण उरली, ती बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत. गुरू ऐकायचा तो शिष्याच्या कंठातून, आणि शिष्य ऐकायचा तो लाखेच्या खाचेतून. त्या काळातील पुष्कळशा तबकड्यांचे मूळ धातूचे साचे आता उरलेले नाहीत. कुणाच्या तरी घरातली प्रत हीच मूळ प्रत ठरते. लाखेची तबकडी हातून निसटली की तिचे तुकडे होतात. म्हणून तिची जी नक्कल एकदा उतरवली जाईल, तीच पुढल्या पिढीच्या हाती राहण्याचा संभव अधिक.

आता दोष नेमका कुठे शिरतो ते पाहावे. तबकडीवरून सुई फिरते तेव्हा चुंबकीय कार्ट्रिजमधून जी वीज निघते, ती व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकीच असते. तिला सुमारे शंभरपट वाढवणारा आणि मुद्रणाच्या वेळी मुद्दाम दाबलेले खर्ज पुन्हा उचलून देणारा एक छोटा वर्धक मध्ये लागतो. त्याला फोनो प्रीॲम्प म्हणतात. नव्या रेकॉर्डप्लेअरांत तो पुष्कळदा आतच बसवलेला असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ अशी कळ असते. ही कळ ‘लाइन’वर ठेवून तार ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ खोबणीत घातली, की तोच संस्कार दोनदा होतो. आवाज घुमतो, फुगतो आणि फाटतो. जुन्या घरगुती यंत्रांत, ‘फिएस्टा’तही, स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे कार्ट्रिज असे. त्याची वीज मुळातच जोरकस असते, तिला असा वर्धक लागतच नाही. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे आधी जाणून घेतले तर अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम लॅपटॉपच्या कडेला असलेल्या एका लहानशा छिद्रात अडते. पूर्वीच्या मेजावरच्या संगणकांना मायक्रोफोनसाठी वेगळी आणि ‘लाइन’साठी वेगळी खोबण असे. लॅपटॉपला बहुधा एकच असते. तिच्यात कर्णध्वनी बाहेर पडतो आणि मायक्रोफोन आत येतो. हा मायक्रोफोनचा मार्ग अत्यंत कोवळ्या विजेसाठी केलेला आहे, शिवाय तो एकाच वाहिनीचा आहे. प्रीॲम्पमधून आलेली अर्धा-एक व्होल्टची वीज त्यात घालणे म्हणजे नळाची तोटी लावायच्या जागी बंबाचा पाइप लावणे. आतला वर्धक जेवढे पेलू शकतो तेवढेच पेलतो, वरचे सारे छाटून टाकतो.

येथे पुष्कळांची एक फसगत होते. पडद्यावरची ध्वनिपातळीची पट्टी लाल होते म्हणून माणूस ती खाली ओढतो. पट्टी हिरवी होते, पण आवाज फाटकाच राहतो. कारण छाटणी पट्टीच्या आधीच्या टप्प्यात झालेली असते. पट्टी खाली ओढल्याने छाटलेला आवाज लहान होतो, इतकेच. याची खूण डोळ्यांनीही पटते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोणत्याही प्रणालीत, विनामूल्य मिळणाऱ्या ऑडॅसिटीतही, आवाजाची आकृती पुरेशी मोठी करून पाहिली तर ती डोंगररांगेसारखी दिसते. धड आवाजाच्या डोंगरांना शिखरे असतात. फाटलेल्या आवाजाचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट असतात. हे सपाट माथे चौकटीच्या वरच्या कडेला चिकटलेले असले तर पातळीची पट्टी चुकली. ते कडेच्या बरेच खाली असूनही सपाट असले तर दोष खोबणीत आहे, असे समजावे. भरवेलीकरांना यापुढे उपमा देण्याची गरज नसावी. येथील खाणकाम आधी उघड्या टेकडीवर चालले आणि मग भूगर्भात उतरले. टेकडीचा जो माथा मालगाडीतून गेला, तो परत आणून बसवता येत नाही. छाटलेली शिखरे पुन्हा रेखाटून देणाऱ्या प्रणाली आहेत, परंतु त्या आजूबाजूचा उतार पाहून अंदाज करतात. तो अंदाज म्हणजे बालगंधर्वांचा सूर नव्हे.

उपाय महागडा नाही. ‘लाइन’ची लाल-पांढरी खोबण असलेली आणि यू.एस.बी.च्या तारेने लॅपटॉपला जोडायची छोटी ध्वनिपेटी बाजारात मिळते. प्रीॲम्पची किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’ची तार तिला जोडावी आणि लॅपटॉपच्या छिद्राच्या वाटेला जाऊच नये. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणारी तार मात्र कधीही संगणकाला लावू नये. तिथे आवाजच नव्हे, यंत्रही जायचे.

पेटी आली तरी एक जुनी सवय मोडावी लागते. कॅसेटच्या काळात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना काटा लालपर्यंत नेण्याची सवय होती. टेपचा स्वभाव सोशीक होता. थोडे जास्त झाले तर ती आवाज किंचित दडपून सामावून घेई, आणि कमी झाले तर तिची स्वतःची सळसळ वर येई. संगणकाच्या अंकांना हा सोशिकपणा नाही. शून्य डेसिबलच्या वर त्यांच्याकडे जागाच नसते. म्हणून तबकडीतला सर्वांत मोठा आवाज आधी एकदा वाजवून पाहावा आणि तो शून्याच्या खाली सहा डेसिबलवर थांबेल अशी पातळी लावावी. आवाज लहान आला म्हणून काही बिघडत नाही. सोळा बिटांच्या मुद्रणात सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि लाखेच्या तबकडीवर स्वतःच्या खरखरीपासून सर्वांत मोठ्या तानेपर्यंतचे अंतर याच्या निम्म्याहूनही कमी असते. चोवीस बिटांची सोय असेल तर चिंताच नको.

लॅपटॉपचा आणखी एक आगाऊपणा सांगितला पाहिजे. त्याचा मायक्रोफोन माणसांच्या संभाषणासाठी असतो, म्हणून पार्श्वभूमीचा एकसारखा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असे मानून तो पुसण्याची व्यवस्था त्यात केलेली असते. या यंत्राला तंबोरा आणि पंखा यांतला भेद कळत नाही. तो तंबोरा पुसू लागतो, पुसता पुसता गायकाच्या लांबवलेल्या षड्जालाही हात घालतो आणि सूर पाण्यातून आल्यासारखा बुडबुडतो. दुसरी व्यवस्था हळू आवाज आपोआप वाढवते. मग दोन तानांमधल्या विश्रांतीत तबकडीची खरखर लाटेसारखी वर येते. या दोन्ही सुधारणा बंद कराव्यात. ध्वनीच्या मांडणीत त्या ‘एन्हान्समेंट’ अशा गोड नावाखाली सापडतात.

एवढे करूनही आवाज फाटला तरच तबकडीकडे आणि सुईकडे वळावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन गोलाईची सुई लागते. लाँगप्लेची सुई त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी बारीक. ती जुन्या खाचेच्या तळाशी, साठ वर्षांच्या धुळीत, लोळत जाते आणि भिंतीवर कोरलेल्या सुराला नीट स्पर्शही करत नाही. सुई बदलताच मेलेली वाटणारी तबकडी बोलू लागल्याचा अनुभव संग्राहकांना नवा नाही. भार कमी ठेवला म्हणजे तबकडी झिजणार नाही, ही समजूतही अपुरी आहे. कार्ट्रिजला सांगितलेल्या भारापेक्षा हलकी सुई मोठ्या आवाजाला खाचेत उड्या मारते, भिंतींना ओरखडते, आणि तो आवाज हुबेहूब संगणकाच्या छाटणीसारखा असतो.

लाँगप्लेच्या बाबतीत एक गोष्ट हिंदुस्थानी संगीताला विशेष जाचक आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला अवघी २१. तेवढ्याच वेळाचे गाणे तिथे दाटीने लिहिलेले असते आणि सुईला त्यातली बारीक वळणे घेणे कठीण जाते. पाश्चात्त्य रचना हळुवार संपू शकते. आमचा ख्याल मात्र विलंबितात सुरू होऊन द्रुतात, तानांच्या झडीत संपतो. म्हणजे जिथे खाच सर्वांत दुबळी, तिथेच गवई सर्वांत जोरात. अशा वेळी टोकदार लंबगोल सुई आणि कार्ट्रिजची अचूक बसवणूक यांनी दोष कमी होतो, पूर्ण जात नाही.

काही विकृती तबकडीच्या जन्माबरोबरच आलेली असते, तिला हात लावू नये. १९२५ पर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. वीज मध्ये नव्हतीच. वरचा सूर जोरात लागला की मुद्रणाची सुई थरथरे आणि तो कर्कशपणा कायमचा कोरला जाई. तो कर्कशपणा हा इतिहास आहे. शिवाय त्या काळातील सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. गाण्यात हार्मोनियम असेल तर तिचा सूर घरच्या पेटीशी ताडून पाहावा. तो दोन पट्ट्यांच्या अधेमधे लटकत असेल, तर वेग चुकला असण्याची शंका घ्यावी.

साफसफाईबाबत एकच ताकीद पुरे : लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणारा कोणीही सांगेल. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवावे. कागदी लेबल भिजू देऊ नये.

हे सर्व ज्ञान प्रयोगशाळेपेक्षा हौशी माणसांनी अधिक साठवले, हे नमूद केले पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांचे क्रमांक, गायकांची माहिती, संग्राहकांचे अनुभव प्रसिद्ध होत राहिले. तबकडीवरचा क्रमांक हा पुस्तकाच्या दाखलखारिज क्रमांकाइतकाच मोलाचा आहे, ही दृष्टी या मंडळींनी दिली. ग्रंथपालांना ती परकी वाटू नये. उतरवलेल्या ध्वनीबरोबर लेबलचे छायाचित्र, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत खरवडलेला बारीक क्रमांक, हे तिन्ही ठेवावेत. काहीही न पुसलेली पहिली प्रत तशीच राखून, खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

केसरबाई केरकरांच्या भैरवीचे भाग्य सर्वांना ठाऊक आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन व्हॉयेजर यानांबरोबर ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरून अंतराळात गेली. केसरबाई त्याच सप्टेंबरात निवर्तल्या. शास्त्रज्ञांनी त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आणि ती कोणत्या वेगाने फिरवावी हे चित्रांनी कोरून ठेवले. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी घेतलेली ही काळजी घरच्या नातवासाठी क्वचितच कोणी घेतो. पेटीत तबकड्यांबरोबर त्यांची सुई आणि एक चिठ्ठी ठेवायला काय हरकत आहे?

उतरवताना घाई करून गाणे संपताक्षणी कळ दाबू नये. भारतातले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला दाबल्या जात. तिथल्या कारागिरांना कोण गाते ते कळावे म्हणून गायक शेवटी आपले नाव स्वतः उच्चारीत. लेबल गळून गेलेल्या त्या काळातल्या तबकडीवर तेवढीच ओळख उरलेली असते, आणि ती खाचेच्या अगदी शेवटच्या वेढ्यात, खरखरीच्या आड, एकदाच ऐकू येते.